बिनचूक मसुदा

सोमवार, १४ जुलै २०२५
डोकं फिरलं आज! शाळेच्या दोन जुन्या खोल्या. एकीत अकरा वर्षं माझा संस्कार वर्ग भरतो. शेजारची रिकामी. ती आता अमीनसाबांना देणार म्हणे — मशिदीचं छप्पर गळतंय, म्हणून त्यांचा अरबीचा वर्ग तिथं. वर ग्रामपंचायतीकडून पंखे आणि सतरंज्या! हेडमास्तर मलाच समजावतात, "काका, रिकामीच हाय की खोली." अरे, जिल्हा परिषदेची शाळा आहे! सरकारच्या पैशानं धर्म शिकवायचा?
तहसिलीत उगाच नाही मी हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. अर्ज कसा असतो ते दाखवतोच यांना.

मंगळवार, १५ जुलै
तालुक्याला, पालमला जाऊन दत्ताच्या टायपिंगच्या दुकानात अर्ज टाईप करून घेतला. दत्ता म्हणतो, "काका, सरळ मदरसा लिहून टाका ना." खुळा कुठला! नाव घेतलं की साहेबाला वाटतं, गावातलं भांडण आहे. मी सांगितलं, लिही — "शासकीय इमारतीत, शासकीय खर्चाने, कोणत्याही धर्माचे शिक्षण देणे घटनेच्या कलम २८ शी विसंगत असल्याने ते तात्काळ बंद करण्यात यावे."
'कोणत्याही धर्माचे'! काय वजन आलं त्या दोन शब्दांनी! दत्तानं दोनदा वाचलं आणि प्रिंट काढली. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात देऊन, पोहोच घेऊनच घरी आलो.

बुधवार, १६ जुलै
सुनेनं, माधवीनं, भाकरी थापता थापता विचारलं, "मामा, मग आपल्या वर्गाचं काय?" हसूच आलं. म्हटलं, अगं, आपल्याकडं धर्म कुठंय? हरिपाठ, श्लोक, थोरामोठ्यांना नमस्कार — हे संस्कार! "बरं," म्हणाली.
तिचं हे 'बरं' मला अजिबात आवडत नाही.

शनिवार, १९ जुलै
अमीनसाब एसटीच्या थांब्यावर भेटले. चौथीपर्यंत एका बाकावर होतो आम्ही. "भगवानराव, अर्ज तुमी दिला का?" म्हटलं, हो, तत्त्वाचा प्रश्न आहे.
"पोरं लय लहान हायत. ओलीत बसायलेत," म्हणाले. मग रस्त्याकडं बघत — "सांच्याला तुमचं भजन सुरू झालं ना, आमची बी गप बसून ऐकतेत."
जिवाला लागलं जरा. पण तत्त्व ते तत्त्व. गाडी आली, बरं झालं.

मंगळवार, २९ जुलै
आज वर्ग काय रंगला! राजेश्रीनं, माझ्या नातीनं, पेटीवर अख्खा अभंग वाजवला, एकही सूर चुकला नाही. बावीस पोरं टाळ्या देत होती. खिडकीत आणखी चार-पाच टोप्या दिसल्या. अमीनसाबांची पोरं. हाकललं नाही.
राजेश्रीची आजी गेली तेव्हा संध्याकाळी सहा वाजले की घर खायला उठायचं. म्हणून तर वर्ग सुरू केला. आता दुपारपासून सहा वाजायची वाट बघतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
जिंकल्यातच जमा! चौकशीला शिक्षण कार्यालयाचे साहेब स्वतः आले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण माणूस पारखी! "मसुदा कोणाचा?" म्हणाले. मी म्हटलं, माझाच. "इतका स्वच्छ अर्ज मी आजवर वाचला नाही, काका." हेडमास्तर शेजारीच उभे होते. ऐकू दे!
दोन्ही खोल्या बघितल्या. रिकामी खोली मिनिटभरच. माझ्या खोलीत चांगले रमले — तसबिरी, पेटी, फळ्यावरचा श्लोक, सगळं बारकाईनं टिपून घेतलं. फोटोही काढले. चहा मात्र घेतला नाही.

रविवार, १० ऑगस्ट
माधवीला साहेबांचं वाक्य पुन्हा सांगितलं. "चौथ्यांदा सांगायलाव, मामा," म्हणाली. सांगीन पाचव्यांदा!

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदनाला पहिल्या रांगेत खुर्ची! सरपंच रामकिशननं माईकवरच सांगून टाकलं — अमीनसाबांना खोली नाही, पंखे नाहीत, सतरंज्या नाहीत. लेखी आदेश सोमवारी येतोय. टाळ्यांचा कडकडाट! "काका, तुमी तर सरकारलाच कामाला लावलं!" रामकिशन म्हणाला. अमीनसाब पार मागं उभे होते. टाळ्या त्यांनीही वाजवल्या.
शुगर असूनही दोन जिलब्या खाल्ल्या. असे दिवस रोज येत नाहीत.

सोमवार, १८ ऑगस्ट
आदेश आला. चष्मा सापडेना, म्हणून राजेश्रीनं वाचून दाखवला. "कोणत्याही धर्माचे शिक्षण तात्काळ बंद करण्यात यावे." त्याच्याखाली — "चालू असलेला वर्ग आजच हलवावा. दोन्ही खोल्यांना कुलूप लावावे."
पेटी घरी आणली. सहा वाजून गेले. केव्हाचा अपील लिहायला बसलोय, मुद्दा एकही सापडत नाही. मसुद्यात फट ठेवायची सवय नाही मला.