चटया पाठवू नका

खेड, शुक्रवार

अहोंना नमस्कार.

फोनवर तुम्ही ऐकण्याआधीच ‘बरं, बरं’ म्हणता, म्हणून पूरग्रस्तांच्या छावणीतून हे लिहिते आहे. मी ठणठणीत आहे. पाणी ओसरलं. इथे शाळेत माणसं दीडशे आणि चटया नऊशे आहेत. तेव्हा हेदवीत चटया गोळा करणं कृपया थांबवा.

पहिल्या दिवशी एकही चटई नव्हती. मदतीला आलेली मी गप्प बसते काय? सकाळी, दुपारी, संध्याकाळी वेगवेगळ्या कचेऱ्यांना फोन केले. चार दिवसांनी सगळ्यांनीच पाठवल्या. सामानाची खोली छतापर्यंत भरली आणि पाण्याच्या बाटल्यांचा टेंपो जागेअभावी परत गेला.

मदतकार्याचा अभ्यास करायला आलेली शमिका फळ्यावर गोल आणि बाण काढते. म्हणाली, “मावशी, मागितलेलं यायला चार दिवस लागतात. तेवढ्यात लोक घाबरून पुन्हा मागतात. मग ढीग येतो आणि गरजेचं अडतं.”

“कोण हे अडाणी लोक?” मी विचारलं.

तिने पहिल्या गोलात माझं नाव लिहिलं! कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनीसुद्धा माझं नाव कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

तान्ह्यांची दूध पावडर उद्या सकाळपर्यंतच पुरेल. मंगळवारी मागवली आहे, एकदाच. शमिका म्हणते, उद्या नक्की येईल. मी मोबाइल तिच्याच स्वाधीन केला आहे.

रक्तदाबाची गोळी घेता ना?

हे पत्र आणणारा नितेश आजच परत येणार आहे. त्याच्याकडे दूध पावडरचे दोन डबे द्या. दोनच. शेजारी बोलू नका, नाहीतर अख्खं हेदवी डबे घेऊन निघेल. आणि शमिकाला मुळीच कळता कामा नये.

तुमचीच,
हेमलता