अविवाहित गेलेले आपियाडू

कुमासी, सोमवार

आदरणीय ओपोंग मामा,

भाची कोनादूचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इथे सगळे बरे आहेत, मी सोडून. मी संतापले आहे, आणि तुमच्यावरच. (तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र तुमच्या टाकोराडीला जाणाऱ्या बसवाल्याकडे देते आहे. हा चौथा कागद. पहिले तीन वडीलधाऱ्याला पाठवण्यासारखे नव्हते.)

ईस्टरला तुम्ही आमच्या छापखान्यात सगळे कॉम्प्युटर जोडणारी ती साठवणीची पेटी बसवलीत. कुठलं फोल्डर कोणी नुसतं वाचावं आणि कोणी बदलावं, हे ठरवायची वेळ आली तेव्हा तुम्ही सर्वांना सगळीच परवानगी दिलीत. वर म्हणालात, "अगं, आपल्याच माणसांत कसली कुलपं?" मामा, पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकं मजकूर तपासायला बसतात. ती आपली माणसं नव्हेत.

गुरुवारी कोकोचे व्यापारी आपियाडू यांच्या अंत्यविधीला वाटायची, मागे राहिलेल्यांच्या नावांची पुस्तिका कॉम्प्युटरवर तयार होती. (बायका दोन. बावीस वर्षं एकमेकींशी बोलणं नाही.) थोरल्या दुफीबाई सकाळी वाचायला आल्या आणि धाकटीचं पान, पाच मुलांसकट, पुसून गेल्या. दुपारी धाकट्या बिरागोबाई आल्या. थोरलीचं पान आधी दिसलं, तेवढं उडवलं आणि पुढचं न पाहताच तणतणत निघाल्या. मी आत कागद कापत होते. मला वाटलं, किती मन लावून वाचताहेत! संध्याकाळी पुन्हा न वाचता छापायला दिलं. तिथे माझंही चुकलं, पण ते नंतर बोलू.

शनिवारी अंत्यविधीच्या मैदानात चारशे पुस्तिका वाटल्या गेल्या. नऊ मुलांचा बाप, आणि त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी माइकवर गंभीरपणे वाचलं की मागे फक्त एक बहीण आहे. दोन्ही बायका उठल्या आणि खांद्याला खांदा लावून माझ्याकडे चालत आल्या. काय ऐकलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी मंडपातच आम्ही तिघी पुस्तिकांत राहिलेली नावं हातानं लिहायला पेनं घेऊन बसलो. दुफीबाईंचा चष्मा घरी राहिलेला. त्या कागद डोळ्यांजवळ धरून धडपडत होत्या. बराच वेळ पाहून बिरागोबाई म्हणाल्या, "द्या इकडे, ताई. तुमचं नाव मी लिहिते."

दुफीबाईंनी कागद पुढे केला. मग एकेक नाव सांगू लागल्या. आधी आपली चार मुलं, मग धाकटीची पाच. सगळी पाठ होती, मधल्या नावांसकट.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावरून तुम्हाला माफ केलं असं समजू नका.

तुमची रागावलेली भाची,
कोनादू

ता.क. काल मी स्वतःच परवानग्या बदलल्या. रागाच्या भरात सगळ्यांच्या काढल्या, त्यात माझीही गेली. आता पेटी फक्त तुमच्या नावानं उघडते, आणि येत्या शनिवारच्या दोन अंत्यविधींचा मजकूर आत आहे. पासवर्ड कळवा.

ता.क. २. आज सकाळी दोघी एकत्र येऊन विचारून गेल्या, की ते फोल्डर असं उघडं ठेवणारा कोण. मी नाव सांगितलेलं नाही. पासवर्ड बुधवारपर्यंत आला तर सांगणारही नाही.