कोंडवाड्याचा अर्ज

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा अकोल्याच्या वकिलांनी तुमच्यासाठी सभा भरवली होती. एक म्हातारे वकील उठून म्हणाले, ‘कोंडवाड्यातल्या गोरगरिबांना सोडवणारा माणूस गेला.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या बाकावर होते. उठून जावंसं वाटत होतं, पण दार पुढे होतं आणि सगळ्यांसमोरून जावं लागलं असतं, म्हणून बसून राहिले. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. अमरावतीच्या शाळेतून मी निवृत्त झाले, केस पिकले, पण तुमच्यावरचा राग काही ओसरला नाही. तो आज कागदावर उतरवते आहे.

त्या कोंडवाड्याच्या वर्षी पैनगंगेपलीकडून, निजामाच्या मुलखातून, बरीच कुटुंबं अकोल्याला आली होती. आपण त्यांना मोगलाईतले म्हणायचो. हंगामभर ती माणसं कापसाच्या जिनात राबली, सरकीच्या धुळीत खोकत राहिली, तोवर कुणाला परकी वाटली नाहीत. हंगाम सरला, गावात पटकीची साथ आली, आणि ती यांनीच आणली असं एका दिवसात ठरलं. विधवा होऊन मी माहेरी परतले होते, मुलींच्या शाळेत शिकवत होते. एका सकाळी आपली भाजीवाली माळीण टोपली न उतरवताच ओसरीवर उभी राहिली. ‘बाई, कोंडवाड्यात मान्सं कोंडले त्यायनं,’ ती म्हणाली. ‘ढोरं बाहीर काढले अन् मान्सं आत घातले. माह्या मळ्यात निंदाले येते ते पोरगी बी हाय त्यात. दिवस भरले तिचे.’

मी तिच्याबरोबर गेले. ढोरांच्या हौदातलं पाणी बाया ओंजळीनं पीत होत्या. शेण तसंच होतं. फाटकावरच्या शिपायानं सांगितलं, गाड्या जमल्या की सगळ्यांना वाशीमच्या वाटेनं नदीपार घालवायचं, जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाचा हुकूम आहे. ती पोरगी भिंतीला टेकून बसली होती. माळणीनं गजांतून भाकरी दिली, तर तिनं आधी विचारलं, ‘मावशे, आमी केलं काय?’

पुढचं सगळं त्या माळणीनं केलं. मळेवाल्या बायांना तिनं घरोघर जाऊन सांगितलं, की फाटक उघडेस्तोवर बाजारात कुणी बसायचं नाही. त्या दिवसांत अकोल्यात ना वांगं मिळालं, ना मेथी, ना सांबाराची जुडी. तुम्ही पानावर बसून म्हणालात, ‘आज पण वरणच?’ तोवर मी अर्ज लिहिला होता. त्यातला मुद्दा तुमचाच होता. ओट्यावर पान चघळत तुम्ही मित्रांना कितीदा सांगितला होता, की वऱ्हाड कागदोपत्री अजून निजामाचंच आहे, इंग्रजानं ते नुसतं भाडेपट्ट्यानं घेतलं आहे. मग निजामाची रयत निजामाच्याच मुलखात परकी कशी? एवढंच मी विचारलं आणि खाली बायांचे अंगठे घेतले.

मी बैठकीच्या दाराशी उभी आहे. तुम्ही अर्ज वाचता, पुन्हा पहिल्यापासून वाचता. चष्मा काढून म्हणता, ‘तुला शिकवलं ते अंगठे गोळा करायला नाही.’ मी हलत नाही. मग तुम्ही म्हणता, ‘ठेव इथं. उद्या कचेरीत देतो.’ आणि मी मूर्खासारखी तुमच्या पाया पडते.

अर्ज तुमच्या हाती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी अर्ध्या लोकांना गाड्यांत घालून नेलं. मी कचेरीत धावले. शिरस्तेदार म्हणाले, ‘बाई, असा अर्ज आलाच नाही.’ घरी येऊन विचारलं तर तुम्ही शांतपणे सांगितलंत, ‘दिला नाही. देणारही नव्हतो. तू ऐकलं नसतंस म्हणून ठेवून घेतला.’ सरकारी वकिलाची नेमणूक महिन्याभरात व्हायची होती आणि तुमचं नाव वर होतं. हे मात्र तुम्ही बोलला नाहीत, आई बोलली.

माळीण त्या पोरीसाठी गाड्यांमागं चालत गेली होती. परतली तेव्हा तिच्या पायांना फोड होते. ‘पातूरच्या घाटात बाळंत झाली,’ ती म्हणाली. ‘लेकरू रडलंच नाही. तिथंच मातीत देलं. गाडीवान म्हने, बसा लवकर.’ मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, ‘वकीलसायबानं अर्ज देल्ता ना?’ तिला उत्तर द्यायची पाळी तुम्ही माझ्यावर आणलीत. बाकी सगळं एक वेळ विसरेन, हे नाही.

अर्धी माणसं अजून कोंडवाड्यात होती. मी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी पंचवीस-तीस बाया कचेरीच्या आवारात जाऊन बसल्या आणि माळणीनं तो स्वतः शिरस्तेदाराच्या हातात दिला. ‘वाचून दाखवा सायबाले,’ ती म्हणाली, ‘आमी बसून राहिलो इथं.’ दुसऱ्या दिवशी साहेबानं तुम्हाला बोलावलं. तिसऱ्या दिवशी फाटक उघडलं. चौकशी होईपर्यंत लोकांना राहू द्यावं असं ठरलं, आणि ती चौकशी कधी झालीच नाही. काही कुटुंबं मळ्यांतच कामाला राहिली. त्या पोरीचा पत्ता मात्र पुन्हा लागला नाही.

सरकारी वकिली दुसऱ्याला मिळाली. तुम्ही माझ्याशी वर्षभर बोलला नाहीत, आणि गाव तुम्हाला नमस्कार करू लागलं. तो नमस्कार तुम्ही घेत राहिलात. ज्या माणसानं पहिला अर्ज दाबला, त्याला लोक सोडवणारा म्हणू लागले, आणि तुम्ही एकदाही ‘नाही’ म्हणाला नाहीत.

आता माझं सांगते. दुसऱ्या अर्जाखाली वकिलाचं नाव हवं होतं, म्हणून तुमची सही मी केली. तुम्हाला हे कचेरीतच कळलं. साहेबानं कागद पुढे सरकवून विचारलं, सही तुमची का? खोटी म्हणाला असतात तर मी तुरुंगात गेले असते, आणि नेमणूक तुमच्या पदरात पडली असती. तुम्ही म्हणालात, ‘माझीच.’ शिरस्तेदारांनी मला हे त्याच आठवड्यात सांगितलं. तुम्ही ते कधी काढलं नाहीत, मीही विचारलं नाही. आईला सांगितलं नाही, त्या सभेतही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुमच्यावर इतकं रागावता आलं नसतं.