शमामा की ऊद

५ जानेवारी, सोमवार
रुपालीचं साक्षगंध अठराला. मंडप, जेवण, फोटोवाला, सगळं माझा साळा अश्वजित पाहतोय. मुलगी माझी, पण मला कुणी विचारलं नाही. मला काम एकच: दारात उभं राहून बाभुळगावच्या, नवरदेवाकडच्या पाहुण्यांच्या हाताला अत्तर लावणं. ठीक आहे. असं लावीन की जेवण विसरतील, अत्तर विसरणार नाहीत.

६ जानेवारी
यवतमाळला जाऊन आलो. बायको, सत्यशीला, म्हणाली होती, "गुलाबाचं आना, सस्तं पडते." गुलाब उन्हाळ्याचा. थंडीत उष्ण अत्तर पाहिजे. दुकानदाराने दोन दाखवली. शमामा, लवंग-वेलची-केशराच्या वासाचं. आणि ऊद, धुमसत्या लाकडासारखं. दोन्हींच्या लहान बाटल्या घेतल्या. उद्या निर्णय.

८ जानेवारी, पहाटे ५
डाव्या मनगटावर शमामा, उजव्यावर ऊद. वंदना करून ध्यानाला बसलो. श्वासावर लक्ष इतकं चांगलं कधीच लागलं नव्हतं. शमामा पुढे.

सकाळी ११
ऊद पुढे.

१० जानेवारी
कातडीवर वास वेगळा, कापडावर वेगळा. स्वेटर, मफलर, रजई, तिन्हींवर लावून पाहिलं. सत्यशीला: "रजई हाये का बिर्याणी?" ती आता रुपालीच्या खोलीत झोपते.

१२ जानेवारी
बोरी अरबच्या बाजारात अकरा जणांना हात हुंगायला दिला. पाच शमामा, पाच ऊद. अकरावा उकंडा न्हावी. डोळे मिटून बराच वेळ हुंगला आणि म्हणाला, "मले तं भूक लागून राह्यली." ते मत बाद.

१५ जानेवारी
अश्वजितचा फोन. "भाऊजी, अत्तराचं झालं ना?" हे घाईचं काम नाही, असं स्पष्ट कळवलं. मग मध्यम मार्ग म्हणून दोन्ही मिसळून पाहिली. मध्यम मार्ग अत्तराला लागू नाही.

१७ जानेवारी
निर्णय पक्का. ऊद. बाटली उजेडात धरली. तीन-चार थेंब आहेत. शमामाचेही तेवढेच. पाहुणे चाळीस. घाबरण्याचं कारण नाही. अस्सल मालाचा थेंबही पुष्कळ.

१८ जानेवारी, दुपारी
सकाळी शेवटची खात्री म्हणून दोन्ही मनगटांवर लावलं. दारात व्याह्यांनी हात पुढे केला. बाटली उलटी केली, झटकली, तळावर थापटलं. मागे रांग थांबलेली. मग माझं मनगट त्यांच्या मनगटावर घासलं. "आमच्याकडे असंच लावते," म्हणालो. बायांना सत्यशीलेने परस्पर आत नेलं. बावीस पुरुष घासले. शेवटच्या सात-आठ जणांना बहुतेक माझाच वास लागला असावा. कुणी तक्रार केली नाही.

संध्याकाळी ६
साक्षगंध छान झालं. निघताना व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. "लग्नातल्या अत्तराचं आम्ही पाहतो. तुम्ही तकलीफ घेऊ नोका." आपणहून म्हणाले. माणसं जाणकार दिसतात. फक्त कोणतं घ्यावं ते त्यांना कळवायचं आहे, म्हणून फोन मागितला. सत्यशीला फोन पदराखाली धरून बसली आहे.