पांढऱ्या कपाळाचे पोस्टर

मी, श्रीहर्ष भीमाचार्य गलगली, वय ६८, राहणार बसवनगुडी, बेंगळुरू, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली तेव्हाही बुद्धी ठिकाणावरच होती, हेही नोंदवावे. तीस वर्षे मी आरोग्य मोहिमांची पोस्टरे केली. अविवाहित आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बँकेतील ठेवी, पुस्तके आणि या वाटणीतून जे काही उरेल ते भाचा अपूर्व यास. मामा रंगारी आहे असे त्याने मित्रांना सांगितले होते. मी ते विसरलेलो नाही, तरीही देतो.

२. संगणक, रंग आणि ब्रश गुंडो यास. यशवंतपूरच्या छापखान्यात माझे प्रत्येक पोस्टर त्यानेच छापले. २०१६ साली गरोदर बायकांसाठी लोहाच्या गोळ्यांचे पोस्टर केले, तेव्हा मशीन थांबवून त्याने विचारले होते, "सर, बाईला कुंकू नको काय?" ती सर्व धर्मांच्या बायकांना आपली वाटावी म्हणून मी कपाळ, गळा, मनगटे सारे मोकळे ठेवले होते. मी म्हणालो, "तू छाप. डिझाइन मला कळतं." त्या पोस्टरला बक्षीस मिळाले. गुंडोची माफी मागायची राहिली, ती येथे मागतो.

३. "लोगो स्वल्प मोठा करा" असे प्रत्येक बैठकीत म्हणणाऱ्या साहेबांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये.

४. राहते घर महानंदा हिच्या मालकीचे व्हावे. निपाणीकडची ही बाई बारा वर्षे माझा स्वयंपाक करते. २०१८ साली तिची लेक अनुषा पहिल्या बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नव्हते. तेरावे उरकून कामावर आली तेव्हा महानंदा म्हणाली, "सासूनं गोळ्या खाऊ दिल्या न्हाईत, अण्णा. दवाखान्यातल्या कागदावरची बाई पांढऱ्या कपाळाची हाय, गोळी खाल्ली की नवरा मरतोय म्हणाली." मी ताटातला भात चिवडत राहिलो. ते चित्र माझे, हे सांगण्याचे धैर्य मला आजवर झाले नाही. ती काम सोडून जाईल अशी भीती वाटत होती. माझ्या मागे वकील संहिताबाई यांनी हे कलम तिला वाचून दाखवावे आणि मगच किल्ली द्यावी.

पुरवणी, हाताने लिहिलेली: मेल्यावर कळवणे हा भित्रेपणा आहे, असे संहिताबाई तोंडावर म्हणाल्या. म्हणून आज सहीपूर्वी कलम चार मीच महानंदाला वाचून दाखवले. ती अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होती. हातातली शेंग तिने सोलून संपवली. मग म्हणाली, "लेकीच्या बदल्यात घर घेऊ व्हय? साक्षीला सही मी करतो." साक्षीदार झालीस तर कायद्याने घर तुला मिळणार नाही, हे संहिताबाईंनी तिला दोनदा समजावले. "सरी," ती कानडीत हो म्हणाली, हात पुसले आणि पेन घेतले.

ठिकाण: बसवनगुडी, बेंगळुरू
दिनांक: १२ डिसेंबर २०२४
लिहून ठेवणार: श्रीहर्ष भीमाचार्य गलगली (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. उमाकांत देशपांडे, शेजारी (सही)
२. महानंदा कृष्णात चौगुले, अनुषाची आई (सही)