विनातिकीट कार्ड

पाणीगेट, बडोदे
४ ऑगस्ट २०२५

चि. विश्रामला नलूताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी सुनंदा गेल्यापासून तू कुणाचा फोन उचलत नाहीस. शेजारी सांगतात, दुधाच्या पिशवीपुरतं दार उघडतोस. निवृत्त टीसीनं असं डब्यातच बसून राहावं हे बरं नाही. म्हणून हे कार्ड.

कपाट आवरताना आपल्या आप्पांची पंधरा पैशांची कोरी कार्डं सापडली. आपल्या लहानपणी कार्ड दहाचं होतं, मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पंधराचं, मग पंचवीसचं. आता पाच रुपये तरी असेल म्हणून पोस्टात विचारलं, तर खिडकीतली बाई म्हणाली, ना बेन, कैक वर्षं पन्नास पैसेच. मी थक्क. पन्नास पैशांत इथे सेव-उसळीवर कोणी कांदा टाकत नाही, आणि सरकार थेट मिरजेला तुझ्या दारी माणूस पाठवतं.

हे कार्ड त्या पंधरातलंच; वरचं पस्तीस पैशांचं तिकीट मुद्दाम लावलेलं नाही. कमी पडले त्याच्या दुप्पट, म्हणजे सत्तर पैसे, पोस्टमन तुझ्याकडे मागेल. तेवढ्यासाठी तरी दार उघड, दोन शब्द बोल. कार्ड नाकारलंस तर ते माझ्याकडे परत येईल, आणि मी तुझ्याकडे येईन. काय परवडतं ते बघ.

तुझी,
नलूताई

मिरज
१३ ऑगस्ट

ती. नलूताईस शि. सा. न. वि. वि.

तुझा डाव फसला. पोस्टमननं पैसे मागितलेच नाहीत. दुखवट्याच्या घरी सत्तर पैशांसाठी कुठे कडी वाजवायची, म्हणून कार्ड दाराखालून सरकवून गेला.

जन्मभर मी विनातिकीट माणसं गाडीतून उतरवली. आमदाराचा मेव्हणासुद्धा सोडला नाही. आणि माझ्याच बहिणीचं कार्ड अपुऱ्या तिकिटावर बडोद्याहून इथवर आलेलं. दोन दिवस ते टेबलावरून माझ्याकडे बघत होतं. शेवटी दाढी केली आणि पोस्टात गेलो.

आपण होऊन दंड भरायला आलेला माणूस पोस्टमास्तर गणपतरावांनी कधी पाहिला नव्हता. उभेच राहिले. मी रुपया दिला, तर तीस पैसे परत द्यायला कुणाकडे नाणं नाही. राहू द्या म्हणाले. राहू कसे देणार? मग त्यांनी चहा मागवला आणि सुनंदाचं विचारलं. मी सांगत बसलो. पोस्ट बंद व्हायची वेळ झाली तरी सांगत होतो.

सुट्ट्यांसाठी उद्या पुन्हा बोलावलंय. हे कार्ड पुऱ्या पैशांचं आहे, तपासून घे. लोभ आहेच, त्याला वरचं तिकीट लागत नाही.

तुझा,
विश्राम

पाणीगेट, बडोदे
१९ ऑगस्ट

गणपतराव पोस्टमास्तर यांस सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. तीस पैशांसाठी, शेजारी सांगतात, रोज आपल्याकडे येणारे जे गृहस्थ आहेत, त्यांची मी थोरली बहीण. मुलांचे फोन, माझी बोलणी, डॉक्टरांच्या गोळ्या, कशानंही जो उंबऱ्याबाहेर पडला नाही, त्याला आपल्या खात्यानं सत्तर पैशांत बाहेर काढलं. मला अजून खरं वाटत नाही.

एक विनंती. तीस पैसे सापडले, तरी इतक्यात त्याला देऊ नका.

आपली,
नलिनी