करंजपाड्यापर्यंतची वीज

१२ जानेवारी

गाडीचं इंजिन चालू होतं, पण आतलं मागचं घर मेलेलं. दिवे नाहीत, पंखा नाही, पाण्याचा पंप नाही. काल दिवसभर चार्जरला लावली होती गाडी. सकाळी बॅटरी साडेदहा व्होल्ट, म्हणजे पार रिकामी!

धनराज म्हणाला, "ताई, भंगारात काढ ती. आईला उगाच आस लावू नकोस."

गाडी त्याचीच. पाच वर्षांपूर्वी एका टूरवाल्याकडून घेतलेली जुनी मिनीबस — आत दोन पलंग, ओटा, बेसिन. वणीच्या देवीला जाणाऱ्यांना भाड्याने द्यायचा बेत होता. दोन फेऱ्या झाल्या, मग कॉलनीच्या मैदानात कडुनिंबाखाली उभी ती उभीच.

आस मी लावलेली नाही. आईची फुफ्फुसं आकसत चालली आहेत. आठ महिने ऑक्सिजनच्या मशीनला बांधलेली आहे. तिला पेठच्या पुढे करंजपाड्याला जायचंय, माहेरी, बुधामामाकडे. तिथे वीज आहे, पण गेली की येण्याचा नेम नाही. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस न्या. पण मशीन थांबता कामा नये. छोटा सिलिंडर तासभरच पुरेल."

म्हणून ही गाडी. तिच्या बॅटऱ्यांवर मशीन सलग चार तास चाललं पाहिजे. मामाकडची वीज त्याहून जास्त वेळ क्वचितच जाते. नाहीच आली, तर इंजिन चालू करून बॅटऱ्या भरता येतील.

१३ जानेवारी

शाळा सुटल्यावर समाधानला आणलं. सिन्नर फाट्याचा, गाड्यांची वायरिंग करतो. ओट्याखालची फळी काढून त्याने आत टॉर्च मारला आणि हसला. "मॅडम, ज्याला जे वाटलं ते जोडलंय इथं. अख्खी वायरिंग काढावी लागंल. महिना-दीड महिना."

आईकडे महिना-दीड महिना आहे की नाही, कोण सांगणार. त्याला तसं बोलले नाही.

बावीस वर्षं दहावीला विज्ञान शिकवतेय. ओहमचा नियम झोपेतही सांगेन. मग ही गाडी मला का कळू नये?

१५ जानेवारी

काल संक्रांत. आईने तिळगूळ जिभेवर ठेवला, गिळवला नाही.

हेडबाईंना विचारून प्रयोगशाळेतला वीज मोजायचा मल्टिमीटर घरी आणला.

१९ जानेवारी

सापडलं. एक तरी!

सगळी बटणं बंद असताना वीज जाते कुठे, हे शोधायचं होतं. बॅटरीची काळी वायर सोडवली, मध्ये मीटर जोडला. बंद गाडी दोन अँपिअर पीत होती. मग एकेक फ्यूज उपटत गेले. अकरावा उपटला आणि आकडा शून्यावर आला. त्यावर कसलीच चिठ्ठी नव्हती. वायर धरून गेले तर कपाटामागे, प्लायवूडच्या आत, पायरीचा एक दिवा. बटण नसलेला, कुणाला न दिसणारा, किती वर्षं जळतोय देव जाणे. तोडला.

नंतर दुसरी बॅटरी तपासली. चार्ज केल्यावर तासाभरात खाली येते. ती गेलीच आहे. धनराजला फोन केला, "नवीन आण." तो म्हणाला, "बरं."

२६ जानेवारी

झेंडावंदन आटोपून सरळ गाडीत. आईचं मशीन लावलं. (आई तोवर घरी सिलिंडरवर, शेजारच्या रंगूबाई तिच्याजवळ.) नऊ मिनिटं चाललं. गाडीतला इन्व्हर्टर ओरडला आणि बंद. पुन्हा लावलं, आठ मिनिटं.

नवीन बॅटरी. गळती नाही. तरी नऊ मिनिटं!

पायरीवर बसून रडले थोडी. साडीला ग्रीस.

घरी आई म्हणाली, "नाय चालली?" मी म्हटलं, "चालेल." ती म्हणाली, "मंग रडतीस कशाला? डोळे सुजले हायेत."

२ फेब्रुवारी

फळ्यावर शिकवते तेच करायला हवं होतं आधी. मशीन चालू ठेवून दोन्हीकडे मोजलं. बॅटरीपाशी सव्वाबारा व्होल्ट. दोन हातांवर इन्व्हर्टरपाशी पावणेअकरा. वाटेत दीड व्होल्ट खाल्ला जातोय. लाल वायरीत जेमतेम दशांश व्होल्ट. उरलेला सगळा काळ्या बाजूला.

काळी वायर गाडीच्या तळाखाली चेसिसला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, एका बोल्टने जोडलेली. चटई घालून गाडीखाली सरपटले, बोल्टला हात लावला — बोट भाजलं! एवढा तापलेला. गंज, त्यावर कुणीतरी रंग फासलेला. तिथेच अडत होतं सगळं.

समाधानला दाखवलं. तोही खाली घुसला, बोल्ट नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे मी बघायला पाहिजे होतं." बोल्ट घासून टाकला, अंगठ्याएवढी जाड केबल इन्व्हर्टरपासून थेट बॅटरीला नेली. इंजिनावरून चार्जिंग होत नव्हतं, तेही त्यानेच लावून दिलं.

९ फेब्रुवारी

आईला गाडीत निजवलं, कडुनिंबाखालीच. मशीन सुरू केलं. आकडे वहीत लिहीत बसले, दर पंधरा मिनिटांनी. चार तास वीस मिनिटं. आई त्यातले तीन तास झोपली.

धनराज दारात उभा. म्हणाला, "शनिवारी मी चालवतो."

१५ फेब्रुवारी

पोचलो.

सावळ घाटात इन्व्हर्टर ओरडला. धनराजने गाडी कडेला घेतली, मी नळी सिलिंडरला लावली. ओट्याखालची फळी काढली. मोठ्या फ्यूजचा नट हादऱ्यांनी ढिला झालेला. पाना लावून आवळला, मशीन चालू. सहा मिनिटं गेली असतील. धनराज रस्त्याकडे पाठ करून उभा होता, चेहरा पुसत.

बुधामामा बांधापर्यंत आले होते. आईला खुर्चीत बसवून अंगणात नेलं, मशीनची लांब नळी गाडीतून सोडून. मामा तिच्या पायाशी बसले. दोघं फार बोलले नाहीत. मामांनी नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज आणली, आईने अर्धी वाटी प्यायली. अर्धी वाटी!

१६ फेब्रुवारी

दुपारी वीज गेली, तीन तासांनी आली. गाडीच्या बॅटऱ्यांवर चाललेल्या मशीनला कळलंही नाही.

उद्या सकाळी नऊला निघायचं. सामान भरलं.

१७ फेब्रुवारी

आई खुर्चीतून उठली नाही. धनराज हात धरायला वाकला तर म्हणाली, "मला परत नेऊ नका. मशीन काढू नका, पर मला नेऊ नका." डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी आधी तिच्याशी बोलू द्या म्हटलं. बरंच बोलले. मग मला म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय. राहू द्या."

धनराज अकराच्या एसटीने एकटाच नाशिकला गेला. माझा रजेचा अर्ज त्याच्याकडे दिलाय, मुदत न लिहिता. मामा आणि मी गाडीच्या चाकांना दगड लावले.